कॉलम सुरळीत चालत होता, तरी बोटं चेमटली

डिचोलीतल्या एका निवृत्त शिक्षकांची ही गाडी. परदेशी बनावटीची सेडान, पहिल्या मालकाकडून घेतलेली. तिचा स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचं चाक ज्यावर बसतं तो दांडा, मोटरवर हलतो. एक मोटर चाक वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. इंजिन बंद केलं की चाक आपोआप वर उचललं जातं आणि डॅशबोर्डकडे आत सरकतं, त्यामुळे उतरताना मांड्यांना जागा मिळते. पुन्हा चालू केलं की चाक लक्षात ठेवलेल्या जागी परत येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही सोय मोलाची आहे. सरांनी ही गाडी निवडली त्यात तिचाही वाटा होता.

चवथीला घर माणसांनी भरलेलं होतं. सर अंगणात गाडी उभी करून एसीत बसले होते आणि नातू येऊन मांडीवर चढला. त्याचा एक हात चाकामागे, कॉलमच्या प्लास्टिक कव्हरवर होता. सरांनी इंजिन बंद केलं, कॉलम आत सरकू लागला आणि कव्हरचा खांदा व डॅशबोर्डची कड यांच्यामधल्या फटीत पोराची दोन बोटं सापडली. कॉलमने अडथळा ओळखून लगेच उलट फिरायला हवं होतं. तो फिरला नाही, आत दाबतच राहिला. सरांनी प्रसंगावधान राखून कॉलमची कळ बाहेरच्या दिशेने ओढली आणि बोटं सुटली. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत होतं, एक नख काळं पडलं.

सरांच्या त्या कृतीबद्दल इथेच सांगतो, कारण ती प्रत्येक मालकाला माहीत हवी. असे कॉलम बहुधा वर्म गिअर आणि स्क्रूवर चालतात आणि ही रचना स्वतःच कुलूप लावते. मोटर स्क्रूला फिरवू शकते, पण कॉलम ढकलून मोटर उलटी फिरवता येत नाही. म्हणून वीज तोडली की कॉलम थांबतो खरा, पण सापडलेलं बोट तसंच दाबलेलं राहतं. फ्यूज काढणं किंवा बॅटरीची वायर सोडणं हा अशा वेळी उपाय नव्हे. कळ बाहेरच्या दिशेला दाबून मोटरकडूनच कॉलम मागे आणवावा लागतो. उत्पादकही नुसतं थांबण्यावर समाधान मानत नाहीत, अडथळा लागताच थोडं उलट फिरणं सॉफ्टवेअरमध्ये घालतात, त्यामागे हेच कारण आहे.

गाडीचा पूर्वेतिहास

चवथ आटोपल्यावर गाडी फोंड्याला आमच्या गॅरेजमध्ये आली. सरांनी सगळी बिलं जपून ठेवली होती, त्यांचा फार उपयोग झाला. मे महिन्यात एसीची कूलिंग कॉइल गळायला लागली होती. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कॉइल गंजणं नवं नाही, पण ती बदलायला या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यासाठी कॉलमही खाली सोडावा लागतो. ते काम एका दुसऱ्या गॅरेजमध्ये झालं. जूनमध्ये नवी तक्रार सुरू झाली. इंजिन बंद केल्यावर चाक आत जायचं, शेवटच्या टप्प्यात अडायचं आणि परत बाहेर यायचं. कधी नीट जायचं, कधी नाही. त्याच गॅरेजने स्कॅनर लावून कॉलमची दोन्ही टोकं त्याच्या कंट्रोल युनिटला पुन्हा शिकवली, म्हणजे कॉलम टोकापासून टोकापर्यंत चालवून मोटर सांभाळणाऱ्या त्या छोट्या संगणकाला ती नव्याने नोंदवायला लावली. तक्रार गेली. चाक सुरळीत आत-बाहेर होऊ लागलं, बिघाडाचा कुठलाही कोड राहिला नाही आणि सर समाधानाने गाडी घेऊन गेले.

माझ्या मते प्रकरणाची किल्ली या जूनच्या बिलात आहे. कॉलम उगाच उलट फिरणं ही त्रासदायक तक्रार आणि बोट सापडूनही न फिरणं ही धोकादायक तक्रार, या दोन वेगळ्या वाटतात. इथे दोघींचं मूळ एक होतं. पहिली मिटवण्याच्या पद्धतीतून दुसरी जन्मली.

अडथळा ओळखतो तो कसा

बोटाला जाणवणारा सेन्सर या कॉलममध्ये नाही. तो सगळा अंदाज मोटरच्या वागण्यावरून बांधतो. मोटरच्या दांड्यावर एक चुंबकी चकती असते आणि शेजारी चुंबकत्व ओळखणारा हॉल सेन्सर. चकती फिरली की सेन्सरमधून पल्स निघतात. पल्स मोजल्या की कॉलम कुठे आहे ते कळतं, दोन पल्समधला वेळ मोजला की वेग कळतो. शिवाय कंट्रोल युनिट मोटरचा करंटही पाहतं. वाटेत काही आलं की मोटरवर भार पडतो, वेग उतरतो आणि करंट चढतो.

पण वेग आणखी कशानेही उतरतो. बॅटरी उतरलेली असेल किंवा कोणी त्याच क्षणी सेल्फ मारला तर व्होल्टेज पडतो आणि मोटर मंदावते. फरक असा की व्होल्टेज अचानक पडला तर वेगाबरोबर करंटही खाली जातो, आणि अडथळ्यात करंट वर जातो. दोन्ही एकत्र पाहिले तर गल्लत टळते. डिसेंबरच्या पहाटे ग्रीस घट्ट असतं, मेच्या दुपारी पातळ. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी करंटची उसळी येते, म्हणून तेवढा वेळ युनिट डोळे मिटून घेतं. चाक वर नेताना वजन उचलावं लागतं, खाली आणताना तेच वजन मदत करतं. या सगळ्यात बोट ओळखायचं, तर कोणत्या जागी किती भार नेहमीचा आहे हे युनिटला आधी माहीत असावं लागतं. म्हणून त्याच्याकडे प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचा नेहमीचा भार साठवलेला असतो. प्रत्यक्ष भार त्याच्या किती वर गेला तर अडथळा समजायचा, ही मर्यादाही ठरलेली असते. हा साठवलेला नेहमीचा भार मी पुढे नुसता संदर्भ म्हणेन.

वेळ किती कमी असतो याचा हिशेब करून पाहू. समजा कॉलम सेकंदाला २० मिमी सरकतो. मोटरवर चालणाऱ्या खिडकीच्या काचांसाठी संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा नियम आहे. त्यात ४ ते २०० मिमीच्या फटीत चेमटण्याचा जोर १०० न्यूटनच्या (साधारण दहा किलो वजनाच्या दाबाएवढ्या) वर जाण्याआधी काच उलट फिरली पाहिजे आणि चाचणीची दांडी दर मिलिमीटरला सुमारे १० न्यूटन इतकी कडक असते. अशा दांडीवर १०० न्यूटन व्हायला १० मिमी, म्हणजे अर्धा सेकंद लागतो. अमेरिकेच्या ११८ क्रमांकाच्या मानकात लहान फटींसाठीची दांडी किमान ६५ न्यूटन प्रति मिमी धरली आहे. तिच्यावर तोच जोर दीड मिलिमीटरमध्ये, सेकंदाच्या सुमारे तेराव्या भागात येतो. मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल आणि फेऱ्याला दोन पल्स देत असेल, तर तेवढ्या वेळात जेमतेम सात-आठ पल्स हाती येतात. त्यातल्या चार-पाच गोंगाट गाळण्यात जातात. मग निर्णय होतो, आणि त्यानंतरही मोटरचा फिरता गाभा स्वतःच्या वेगाने थोडा पुढे जातोच. बोटावरची कातडी आणि मांस आधी दबतं, मग हाड लागतं. म्हणजे बोट सुरुवातीला मऊ दांडीसारखं वागतं आणि शेवटी कडक दांडीसारखं. मांडी किंवा पोट मात्र शेवटपर्यंत मऊच राहतं, भार हळूहळू चढतो. नुसती अचानक उसळी शोधणाऱ्या पद्धतीला तो हळू चढणारा भार घर्षणासारखा दिसू शकतो. म्हणून चांगल्या युनिटमध्ये चढण्याचा वेग आणि एकूण चढ असे दोन्ही निकष असतात.

वरचे दोन्ही नियम काचांसाठीचे आहेत, स्टिअरिंग कॉलमसाठी नाहीत. मोजण्याची पद्धत आणि १०० न्यूटनचा आकडा आम्ही तुलनेसाठी घेतला. लहान मुलाच्या बोटासाठी मला स्वतःला तो आकडा जास्तच वाटतो.

मोजलं तेव्हा काय दिसलं

पहिलं काम म्हणजे गाडीच्या मेनूतून चाक आपोआप आत जाण्याची सोय बंद केली. तपासताना दार उघडलं, चावी फिरली आणि कॉलम हलला तर हात नेमका आतच असतो.

स्कॅनरवर काही नव्हतं. कोड नाही, टोकांच्या जागा बरोबर, हॉल सेन्सरच्या पल्स स्वच्छ. मोटरच्या वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प लावून स्कोपवर (ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर) करंटची रेघ पाहिली. पूर्ण प्रवासात रेघ सपाट आणि कमी. जूनमध्ये ज्या शेवटच्या पट्ट्यात कॉलम अडत होता, तिथेही काही नाही. वंगण ठीक, स्क्रूत खेळ नाही. नुसत्या चालीवर विश्वास ठेवला असता तर गाडी इथेच पास झाली असती. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा तपासणी इथेच संपते आणि याची मला खरोखर काळजी वाटते. कॉलम सुरळीत चालतो याचा अर्थ तो अडथळा ओळखतो असा होत नाही. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, दुसरी जोर मोजल्याशिवाय कळत नाही.

जोर मोजायला कुंडईच्या एका कारखान्यातून पुश-पुल गेज, म्हणजे दाबण्या-ओढण्याचा जोर दाखवणारं मापक, आणलं. त्याच्या टोकाला स्प्रिंग आणि लाकडी ठोकळा लावला, म्हणजे अडथळ्याचा कडकपणा दर वेळी सारखा राहील. काही ठिकाणी रेडिएटरच्या होजचा तुकडा घातला. चेमटणं तपासायला स्वतःचं बोट कधीही घालू नये, आपण हळू घालतोय असं वाटलं तरी. मग प्रवासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा धरून पाहिला, एकदा इंजिन चालू असताना आणि एकदा बंद केल्यावर. हा फरक महत्त्वाचा आहे. चाक आत जातं ते इंजिन बंद झाल्यावर, तेव्हा व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो चौदाच्या जवळ नेतो. फक्त चालू इंजिनावर तपासलं, तर ज्या स्थितीत पोराचं बोट सापडलं तीच तपासायची राहून जाते.

सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात कॉलम उत्तम वागला. ठोकळ्याला टेकला, गेजचा काटा शंभरच्या बराच आत असताना थबकला आणि मागे फिरला. शेवटच्या पट्ट्यात चित्र पालटलं. काटा शंभर ओलांडून पुढे गेला, मग कॉलम फिरला. एकदा तर होजच्या तुकड्यावर फिरलाच नाही, टोक आलं असं समजून थांबला. हे व्होल्टेजवर अवलंबून नव्हतं, दोन्ही स्थितींत तेच. फटीच्या दृष्टीने हा पट्टा सगळ्यात वाईट. सुरुवातीला खांदा आणि कड यांच्यात अख्खा हात जाईल एवढी जागा असते, शेवटी बोटापुरतीही उरत नाही. यंत्रसुरक्षेच्या आयएसओ १३८५४ मानकात बोट चेंगरू नये म्हणून किमान २५ मिमी फट सांगितली आहे. या कॉलमची फट प्रवासाच्या शेवटी त्याच्या खूप खाली जाते. म्हणजे जिथे ओळख सर्वांत तीक्ष्ण हवी, नेमकी तिथेच ती बोथट झालेली.

कारण

एकाच मोटरची ओळख एका पट्ट्यात बरी आणि दुसऱ्यात वाईट असेल, तर दोष सेन्सरचा किंवा मोटरचा असण्याची शक्यता कमी. तो असता तर सगळीकडे दिसला असता. जागेनुसार बदलणारी गोष्ट एकच: साठवलेला संदर्भ. प्रत्यक्ष करंट सपाट असून ओळख उशिरा होते, याचा अर्थ त्या पट्ट्यातला संदर्भ प्रत्यक्षाच्या वर बसलेला असावा. आमच्या स्कॅनरला तो तक्ता वाचता येत नाही, तेव्हा पुरावा कॉलमखालीच शोधावा लागला.

खालचं कव्हर काढलं. कॉलमबरोबर सरकणाऱ्या वायरिंगच्या जुडग्याला कंपनीने एका क्लिपमध्ये ढील देऊन बसवलेलं असतं. ती क्लिप तुटलेली होती, बहुधा डॅशबोर्ड उतरवताना. तिच्या जागी मागून चिकटणारी बाजारी क्लिप वापरली होती, आणि तीही आता सुटून वायरिंगला लोंबत होती. ब्रॅकेटवर तिच्या गोंदाचा चौकोनी डाग स्पष्ट होता. डाग मूळ जागेपासून बराच बाजूला. त्या डागावर क्लिप धरून कॉलम हलवला, तर प्रवासाच्या शेवटी वायरिंग ताणून घट्ट होत होतं. कापडी टेपवर तिथे घासून चकाकी आली होती.

आता क्रम जुळला. मेमध्ये क्लिप चुकीच्या जागी लागली. शेवटच्या पट्ट्यात वायरिंग स्प्रिंगसारखं मागे ओढू लागलं. जूनमध्ये युनिटने तो ताण अडथळा म्हणून ओळखला आणि कॉलम उलट फिरवला. म्हणजे जूनमध्ये यंत्रणा आपलं काम बरोबर करत होती, तिने खरोखरच्या ओढीची खबर दिली होती. गॅरेजने ओढ न शोधता युनिटला पुन्हा शिकवलं. शिकताना युनिट समोर येईल तो भार नेहमीचा मानतं, त्याने वायरिंगचा ताण संदर्भात लिहून घेतला. मग पावसाळा आला. दमटपणा आणि बंद गाडीतला उकाडा यांपुढे तो गोंद टिकला नाही, क्लिप सुटली, ताण गेला. संदर्भ मात्र तसाच राहिला. या युनिटमध्ये तो शिकवतानाच लिहिला जातो आणि रोजच्या वापरात हलत नाही, असं आमच्या मोजमापांवरून दिसतं.

समजा वायरिंगचा ताण ६० न्यूटनएवढा होता आणि युनिटची मर्यादा संदर्भाच्या वर ४० न्यूटन आहे. ताण असताना बोट सापडलं असतं, तर ४० न्यूटनवर ओळख झाली असती. ताण गेल्यावर तेच बोट आधी रिकाम्या झालेल्या ६० न्यूटनची जागा भरतं, मग वरचे ४०. म्हणजे बोटावर १०० न्यूटन आल्यावर युनिटला पहिल्यांदा शंका येते, वर मोटरच्या गतीचं पुढे जाणं वेगळं. कॉलम मोकळा झाला आणि म्हणूनच जास्त धोकादायक झाला.

नुसता तर्क पुरेसा नव्हता, म्हणून तीच स्थिती पुन्हा घडवली. क्लिप जुन्या डागावर पक्की बसवली, कॉलमने अडून उलट फिरायला सुरुवात केली, अगदी जूनच्या तक्रारीसारखी. त्याच अवस्थेत शिकवलं, तक्रार गेली. क्लिप सोडवली आणि गेज लावलं. शेवटच्या पट्ट्यात काटा पुन्हा शंभरच्या वर. नंतर वायरिंग मूळ मार्गाने, मूळ नमुन्याच्या क्लिपमध्ये ढील देऊन बसवलं, हाताने पूर्ण प्रवासात कुठेही ताणत नाही याची खात्री केली आणि मोकळ्या कॉलमवर शिकवलं. या वेळी शेवटच्या पट्ट्यातही कॉलम मधल्या टप्प्याइतक्याच कमी जोरावर फिरला.

बदललं काय

डॅशबोर्ड किंवा कॉलम उतरवलेली गाडी असेल तर कामाच्या कार्डावर आता दोन ओळी वाढल्या आहेत. शिकवण्याआधीचा करंट पूर्ण प्रवासात नोंदवायचा आणि त्यात कुठेही चढ दिसला तर कारण सापडेपर्यंत शिकवायचं नाही. शिकवल्यानंतर दोन्ही टोकांजवळ आणि मध्ये, इंजिन बंद ठेवून, गेजने जोर मोजायचा. चढाच्या जागेवरून कारणाचा अंदाजही येतो. टोकाकडे हळू वाढत जाणारा चढ ताणलेल्या वायरिंगचा, एकाच जागी टोकदार उंचवटा कव्हरच्या घासण्याचा किंवा स्क्रूवरच्या कचऱ्याचा, आणि सगळीकडे सारखा वाढलेला भार वाळलेल्या ग्रीसचा. गंजलेल्या जोडणीमुळे व्होल्टेज पडला तर मात्र करंट चढत नाही, नुसता वेग उतरतो. किनाऱ्याजवळच्या गाड्यांमध्ये शेवटचा प्रकार जास्त दिसतो.

सरांशी बोलताना आणखी एक मुद्दा निघाला. त्यांनी विचारलं, "सीटसुद्धा आपोआप पुढे येते, मग मांडी सापडली तर?" प्रश्न अगदी रास्त होता. सीट पुढे येत असताना चाक खाली येत असेल, तर फट दोन्ही बाजूंनी मिटते. दोघांची युनिटं वेगळी असली तर प्रत्येकाला भाराचा आपला हिस्साच दिसतो आणि कॉलम मागे फिरला तरी सीट पुढे येत राहू शकते. म्हणून त्यांच्या गाडीत आम्ही मांडीच्या जागी उशी ठेवून दोन्ही एकदम चालवून पाहिले. कॉलम फिरला, सीटही थांबली. प्रत्येक गाडीत असंच होईल असं धरून चालता येणार नाही.

मोटरच्या भारावरून ओळखणाऱ्या कुठल्याही पद्धतीत स्पर्श आधी होतो आणि खबर नंतर लागते. म्हणून मला फटीची रचना जास्त भरवशाची वाटते. कव्हर डॅशबोर्डच्या आत सरकतं ठेवलं आणि बाहेरची फट पूर्ण प्रवासात ४ मिमीच्या आत राहिली, तर बोट शिरतच नाही. काही गाड्यांत तिथे घडीचं मऊ आवरण असतं, तेही चांगलं. ड्रायव्हरविना स्वतः चालणाऱ्या गाड्यांसाठी चाक डॅशबोर्डमध्ये पूर्ण आत जाणारे कॉलम तयार होत आहेत. त्यांचा प्रवास आजच्या मानाने कितीतरी लांब असेल, तेव्हा ही फट आराखड्यातच मिटवावी लागेल.

आतल्या टोकाची शेवटची हद्द थोडी अलीकडे आणून फट बोटापुरती उरवता येईल का, हेही पाहिलं. या युनिटमध्ये ती हद्द बदलता येत नाही. सरांनी चाक आपोआप आत जाण्याची सोय मेनूतून बंदच ठेवायला सांगितली आहे. उतरण्याआधी कळ दाबून ते स्वतः चाक वर घेतात, आणि मागे बसलेल्या पोरांना आधी गाडीतून खाली उतरवतात.